तिसरी खेप

मठाच्या फाटकाशी डिझेलचं एक रिकामं पिंप उभं आहे. मॅटी फ्लॅनलीने त्याला खालच्या अंगाने ग्राइंडरने भोकं पाडली. आता त्यात सकाळ-संध्याकाळ जाळ असतो.

*

शेवटची नन गेली त्या वर्षी मठातली मेरीची मूर्ती जोसी रुआनच्या गोठ्यात नेऊन ठेवली. गाई बुजतात म्हणून तिचं तोंड भिंतीकडे केलं.

*

मार्चमध्ये भटक्या लोकांपैकी एक म्हातारी वारली. अंत्यविधीच्या दिवशी गावातल्या दोन्ही पबांच्या दारावर कागद होते: नळाचं काम चालू, आज बंद. दुसऱ्या दिवशी नळ ठीक होते.

*

नऊ वर्षं कारखान्यात थंडगार मांसातून सुरी फिरवली की उजव्या हाताची दोन बोटं झोपतात. आधी सकाळपुरती, मग कायमची.

*

मठाच्या फाटकावरच्या पाटीवर लिहिलं आहे: आम्ही कुणाच्याही विरुद्ध नाही. आम्हाला विचारलं नाही.

*

पिंप पेटलं त्या वर्षीचा जुलै म्हणजे नुसतं पाणी. मेंढ्यांचे खूर कुजले.

*

आमच्या क्लूनगार गावात गाडीतून जाणारा माणूस समोरच्याला ओळख देतो ती स्टिअरिंगवरून एक बोट उचलून. हात काढायचा नाही. बोट पुरतं.

*

फेस्टस हेशनच्या वाटणीची दलदल रस्त्यापासून बरीच आत, मोठ्या नाल्याच्या पलीकडे आहे. मे महिन्यात यंत्र येतं, जमिनीच्या पोटातला काळा ओला पीट, म्हणजे वाळवून चुलीत जाळायची माती, ओढून काढतं आणि लांबच लांब वळ्या घालून निघून जातं. पुढचं सगळं हातानं. वरून सुकल्या की विटा मोडायच्या, उलटायच्या, मग पाच-सहा विटा एकमेकींच्या डोक्याला टेकवून उभ्या करायच्या. एक आडवी वर. अशा उडव्या सगळ्या पट्टाभर. त्यांतून वारा खेळला पाहिजे.

फेस्टसचा खुबा गेला तेव्हापासून त्याला वाकता येत नाही. हे काम त्याची सून करते. झिल्डा.

ती ब्राझीलची. मांसाच्या कारखान्यात काम करायला आली, कॉल्म हेशनशी लग्न केलं, या घरात राहायला लागली. कॉल्म गाडीच्या अपघातात गेल्याला आता तीन वर्षं झाली. सगळ्यांना वाटलं होतं की ही आता माघारी जाईल. ती गेली नाही. का गेली नाही, हे कुणी तिला विचारलं नाही. आपसात मात्र भरपूर विचारलं.

त्या वर्षी जुलैच्या पावसाने तिच्या निम्म्या उडव्या बसल्या. तिने त्या पुन्हा उभ्या केल्या. गुडघ्याला खताच्या पिशव्या बांधून ती ओळीतून सरपटत जायची. चिलटं कानात, केसांत, पापण्यांत. उजव्या हाताने वीट धरली की ती धरली आहे का सुटली, हे तिला बघूनच कळायचं. फेस्टस रस्त्याच्या कडेला गाडीत बसून काच खाली करून सांगायचा, "डावीकडची कलली बघ." ती न बघता हात वर करायची.

ऑगस्टच्या अखेरीला पूर्वेचा कोरडा वारा सुटला. विटा हलक्या झाल्या, एकमेकींवर आपटल्या की लाकडासारख्या वाजायला लागल्या. जमीनही कडक झाली. हेच ते दिवस. मोठा पाऊस आला की दलदल पुन्हा तोंड उघडते, आणि मग नाल्यापलीकडे ट्रॅक्टर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत जात नाही. हेशनांच्या घरात एकच लोखंडी चूल. त्याच चुलीवर शिजतं, तिच्यावरच पाणी तापतं, तिच्यातूनच भिंतीकडेचे पाइप गरम होतात. फेस्टसची छाती डिसेंबरपासून मार्चपर्यंत चुलीच्या भरवशावर चालते. मागच्या हिवाळ्यात दोनदा अँब्युलन्स आली होती.

नाल्यापलीकडे जाईल असा जोडचाकांचा ट्रॅक्टर एकट्या मॅटीकडे. तो त्याचे पैसे घेत नाही. कुणीच घेत नाही. मॅटी ट्रॅक्टर आणतो, शेजारचे चारपाच जण विटा फेकायला येतात, दुपारी ज्याचा पीट त्याने जेवण घालायचं. ज्याचं झालं तो दुसऱ्याच्याला जातो. हेशनांच्या दलदलीत कधी कुणाला निरोप धाडावा लागला नव्हता.

"शनिवारी येतो, कोरडं राहिलं तर," मॅटी म्हणाला होता.

*

पण त्याच्या आधीचा मंगळवार.

मठात सरकार परदेशी कुटुंबं आणून ठेवणार, ही बातमी जूनमध्ये आली. कोण, किती, कुठली, काही सांगितलं नाही. तेव्हापासून घराघरांतून एकेक माणूस पाळीने फाटकाशी उभा राहायला लागला. फेस्टसही जायचा. त्याच्यासाठी बिअरच्या क्रेटची बैठक केलेली होती. त्याला ते आवडायचं. कॉल्म गेल्यापासून इतक्या माणसांत तो बसला नव्हता. डॉक्टरकडे आधीच नंबर लागत नाही, शाळेत जागा नाही, बस दिवसातून एकदा, असं बोलणं चालायचं. कुणी म्हणायचं सगळे तरणे पुरुषच येणार आहेत. कसं कळलं, हे कुणी विचारायचं नाही. झिल्डाने फाटकाशी बसणाऱ्यांसाठी दोनदा केक भाजून पाठवले होते.

मंगळवारी मठाची व्यवस्था बघणारी बाई दुकानात आली आणि स्वयंपाकाला कुणी मिळेल का म्हणून चौकशी केली. दुकानात झिल्डा होती.

घरी येऊन तिने बटाटे सोलता सोलता फेस्टसला सांगितलं. येत्या नाही, त्याच्या पुढच्या सोमवारपासून, सकाळी आठ ते चार. कारखान्यात परत जाणं हाताला जमणार नाही, डॉक्टरने तसं सांगितलंच आहे. इथे गरम स्वयंपाकघर असेल, सुरी भाजीपुरती.

फेस्टसने मांजराकडे बघितलं.

"हं," तो म्हणाला. आणि मग, "वारा अजून पूर्वेचाच आहे."

*

शनिवार कोरडाच निघाला. झिल्डाने पहाटे खारवलेल्या डुकराच्या मांसाचा मोठा तुकडा उकळायला टाकला. कोबी चिरला. दहा जणांचे बटाटे. पाव भाजला, रुबार्बच्या आंबट देठांचं गोड सारण भरलेली पेस्ट्री केली. फेस्टसने धुतलेला सदरा घातला आणि खिडकीशी बसला, कारण घरच्या माणसाने पुढे होऊन या म्हणायचं असतं.

दहाच्या सुमाराला ट्रॅक्टरचा आवाज आला. वळणाशी आला, आणि वळणावरून सरळ पुढे निघून गेला. थोड्या वेळाने लांबून, शेजारच्या गिल्डेंच्या पट्ट्याकडून, ट्रेलरच्या लोखंडी तळावर विटा पडल्याचा आवाज यायला लागला.

"आधी गिल्डेंचं उरकत असतील," झिल्डा म्हणाली.

"असेल."

दोन वाजता तिने भांड्याखालची आच कमी केली. चार वाजता दोघं जेवली. रात्रीपर्यंत कुत्रा खात होता.

*

फेस्टसला त्या आठवड्यात मिळालेली उत्तरं:

येतो की. का नाही येणार.

उद्या बघू, आज बायकोला दवाखान्यात न्यायचंय.

तुझं काय बाबा, तुझा तर खडखडीत वाळला असेल, त्याला काय घाई.

मॅटीला विचार ना. मॅटी म्हणाला की मी आलोच.

हायड्रॉलिकमधून तेल गळतंय रे थोडं.

तब्येत काय म्हणते?

देव करो आणि असंच कोरडं राहो.

आमच्याकडे 'नाही' असं कुणी म्हणत नाही. तो शब्द माणसं फार तर कुत्र्याला वापरतात. कोण काय बोललं यावर कुणी जात नाही, कोण आलं नाही ते बघायचं असतं, आणि इथे जन्मलेल्या माणसाला ते पहिल्या दिवशीच कळतं. फेस्टसला शनिवारी दहा वाजता कळलं होतं. ट्रॅक्टर वळणावरून पुढे गेला तेव्हाच.

झिल्डाला कळलं नाही. इतकी वर्षं राहूनही उद्या म्हटलं की ती उद्या धरायची. सोमवारी तिने पुन्हा मांस उकळलं. बुधवारी पुन्हा. फेस्टसने तिला सांगितलं नाही. तो सदरा बदलायचा आणि खिडकीशी बसायचा.

दुकानात गल्ल्यावरच्या बर्नीने तिच्या पिशवीत मांसाचा चौथा तुकडा घालताना म्हटलं की तुमच्याकडे बरीच माणसं जेवतात वाटतं. मागे उभ्या दोघी टोमॅटो निवडायला लागल्या. बाहेर भिंतीवर जोसी रुआन बसला होता. जोसी एकटा जीव, सत्तरीचा, गावाची करमणूक. त्याने टोपी मागे सारली.

"काय गं झिल्डा, आमच्या पोटावर मारून त्या लोकांना जेवायला घालणार म्हणे तू?"

"तुम्हालाही घालते की. तीन वेळा शिजवलं. कुणी आलं नाही."

"हे बघ, मनाला लावून घेऊ नकोस. आम्ही ज्यांच्याबद्दल बोलतो त्यांच्यात तू नाहीस. तू आपली आहेस. बाई, तू तर माझ्यापेक्षा चांगला पीट लावतेस."

ती हसली. घरी येईपर्यंत ते हसू तोंडावर तसंच राहिलं, काढायचं विसरल्यासारखं. पिशवी टेबलावर ठेवून तिने फेस्टसला विचारलं की ते येणार नाहीत, हे तुम्हाला माहीत होतं का. त्याने धुतलेला सदरा उतरवला. त्या दिवशी तिने मांस उकळलं नाही.

*

मग तिने हातगाडा घेतला.

नाल्यावर फळी टाकली. गाडा भरला, नाल्यापर्यंत आणला, फळीवर चाक चढवताना उजवा हात सुटला आणि गाडा कुशीवर पडला. विटा उचलल्या. पुन्हा भरला, अर्धाच. रस्त्यापर्यंतच्या मऊ जागेत चाक आसापर्यंत गेलं. तिने विटा उतरवल्या, गाडा उपसला, परत भरला. दुपारपर्यंत रस्त्याच्या कडेला जो ढीग झाला तो आठवडाभर पुरला असता की नाही, कोण जाणे. पट्ट्यावरच्या उडव्या कमी झालेल्या दिसतही नव्हत्या.

फेस्टस गाडीतून उतरला. काठी टेकत नाल्यापर्यंत गेला, दोन विटा काखेत मारून परत आला. पुन्हा गेला. तिसऱ्या फेरीला त्याचा श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. ती म्हणाली, बसा. तो बसला नाही. उभा राहिला, दोन्ही काखांत एकेक वीट.

तेव्हाच मॅटी फ्लॅनलीचा ट्रॅक्टर रस्त्याने आला. मागे रिकामा ट्रेलर. मॅटीने वेग कमी केला, कारण रस्ता अरुंद आणि माणसं कडेला. स्टिअरिंगवरून एक बोट उचललं. फेस्टसच्या काखांत विटा होत्या. त्याला बोट उचलता आलं नाही, म्हणून त्याने मान हलवली.

ट्रॅक्टर गेल्यावर पश्चिमेकडे, डोंगरामागे, पहिल्यांदा ढगांची कड दिसली.

*

शुक्रवारी सकाळी फेस्टसने रस्त्याकडेच्या ढिगातल्या विटा एका पिशवीत भरल्या आणि गाडीतून मठाच्या फाटकाशी गेला. पिंपासाठी प्रत्येक घर पिशवी देत होतं, हेशनांची त्या आठवड्यात गेली नव्हती. त्याने एक एक वीट स्वतः पिंपात टाकली. मग क्रेटवर बसला. पाय पुढे पसरला. बराच वेळ फुटबॉलवर बोलणं झालं.

"ती जायची नाही," फेस्टस म्हणाला. जाळाकडे बघूनच. "मी बोललोय तिच्याशी."

मॅटीने काठीने निखारे सारखे केले.

"उद्या मोकळा आहे मी," मॅटी म्हणाला.

*

शनिवारी साडेसातला ट्रॅक्टर दारात. मॅटी, जोसी, दोघं गिल्डे भाऊ. झिल्डा धावतच गमबूट घालायला गेली, घरात त्या एका मांसाच्या तुकड्याखेरीज जेवणाचं काही नव्हतं म्हणून फेस्टसला दुकानात पिटाळलं. सगळं मागे टाकल्यासारखी माणसं बोलत होती. जोसीने विटा फेकता फेकता एकेका विटेला गावातल्या एकेका बाईचं नाव दिलं. धाकटा गिल्डे इतका हसला की खाली बसला. झिल्डाही हसली. तिने फेकलेली वीट ट्रेलरच्या बाहेर पडली तर कुणीतरी न बोलता उचलून आत टाकली. पहिली खेप घरी आली, अंगणात ओतली. दुसरी आली. तिसरी तेवढीच उरली, सगळ्यात मोठी, पट्ट्याच्या टोकाची. ढग डोंगराच्या अलीकडे उतरले होते, पण वारा धरून होता. चार वाजेपर्यंत होऊन जाईल, मॅटी म्हणाला.

जेवायला बसले. हात धुतले तरी नखांत काळं. वाफेने खिडकी धुरकटली. झिल्डा ताटं वाढत होती, आधी मॅटीला, त्याचा ट्रॅक्टर म्हणून.

"बरं केलंस, झिल्डा," मॅटी म्हणाला. सरळ, चांगल्या मनाने. "लोकांना वाईट वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. पण फेस्टसने सांगितलं, आणि विषय संपला. तुझ्याविरुद्ध कधीच काही नव्हतं."

"काय केलं मी?"

जोसीने मोहरीची बाटली मागितली. बाटली त्याच्या समोरच होती.

झिल्डाने फेस्टसकडे बघितलं. तो मांसाचा तुकडा कापत होता. कापून झालेला तुकडा पुन्हा कापत होता.

तिला कळलं. गप्प राहणं अगदी सोपं होतं. नुसतं बटाटे वाढत राहायचं. चार वाजता तिसरी खेप अंगणात असती, हिवाळा अंगणात असता. सोमवार तर परवा.

"अरे, तिच्या तोंडून ऐकू या की एकदा," जोसी म्हणाला, मस्करीनेच. "म्हणजे फाटकापाशी सांगायला बरं. बोल गं पोरी, आमची ना तू?"

सगळे तिच्याकडे बघून हसत होते. वाईट हसू नव्हतं ते. वाट बघत होते. तिच्या डाव्या हातात भांडं, उजव्यात मोठा चमचा, आणि चमचा अजून हातात आहे का हे बघायला तिने खाली पाहिलं.

"सोमवारी आठ वाजता मी कामाला जाणार आहे," ती म्हणाली. "फेस्टसशी माझं काही बोलणं झालेलं नाही. बटाटे आणखी आहेत."

कुणी उठलं नाही. वाढलेलं ताट आमच्याकडे टाकत नाहीत. सगळ्यांनी कोबी संपवला, रस पावाने पुसून घेतला. थोरला गिल्डे म्हणाला की मांस छान शिजलंय. चहा झाला. मॅटीने कप बशीत उपडा घातला आणि बाहेर जाऊन ट्रॅक्टरच्या मागे वाकून बघितलं.

"हायड्रॉलिक त्रास देतंय पुन्हा," तो दारातून म्हणाला. "घरी नेऊन बघतो. उद्या नक्की."

"नक्की," फेस्टस म्हणाला.

*

दुपारभर त्या दोघांनी अंगणातला ढीग भिंतीशी रचला. कडेच्या विटा बाहेर उतरत्या, म्हणजे पाणी आत जात नाही. फेस्टस उभ्याने हात पोचेल तेवढंच रचत होता.

"चार तास गप्प बसता आलं नसतं तुला?"

"तुम्ही बसलात की. आठवडाभर."

"हिवाळा कुणाचा आहे? माझ्या छातीचा आहे. मी तुझ्यासाठी खोटं बोललो असं तुला वाटतं का? मी माझ्यासाठी बोललो." त्याने वीट बसवली, काढली, उलटी करून बसवली. "मला या माणसांत मरायचंय, पोरी. दुसरी माणसं नाहीत मला."

"मला पण नाहीत," झिल्डा म्हणाली.

पाऊस संध्याकाळी आला. रविवारी दिवसभर पडला. वाळलेल्या उडव्या वरून भिजतील, हरकत नाही, पण खालची जमीन मऊ होत होती. चर्चमधून येताना दोघांनी गाडी थांबवून बघितलं. नाल्याचं पाणी फळीला लागलं होतं.

*

सोमवारी ती उठली तेव्हा फेस्टसची गाडी दारात नव्हती. ती चालत निघाली.

मठाच्या फाटकाशी नेहमीपेक्षा जास्त माणसं होती. मॅटी, जोसी, बर्नी, आणखी कितीतरी. फाटकाचं एक दार साखळीने बांधलेलं, दुसरं उघडं, पण त्या उघड्या जागेत पिंप ओढलेलं. पिंप आणि दगडी खांब यांच्यामध्ये एक माणूस जाईल एवढी फट. फटीत बिअरचं क्रेट, क्रेटवर फेस्टस. आज त्याची पाळी होती. दुखरा पाय पुढे पसरलेला, टाच खांबाला लागलेली.

"मॉर्निंग, झिल्डा," मॅटी म्हणाला.

"मॉर्निंग."

"उघडलंय म्हणायचं जरा."

"हो. गार आहे पण."

"गार आहे," बर्नी म्हणाली.

कुणी हललं नाही. कुणी ओरडलं नाही. कुणी तिला अडवलं असं पुढे कुणालाच म्हणता आलं नसतं. झिल्डा फेस्टसच्या पायापाशी येऊन उभी राहिली. तो जाळाकडे बघत होता. त्याची मान लाल झाली होती. एकदा त्याने दोन्ही हात मांडीखाली घातले, पाय ओढून घ्यायला किंवा ओढायचा नाही म्हणून, ते सांगता येणार नाही. गार हवेत त्याचा खुबा धरतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मदतीला कुणी वाकलं नाही.

ती वाकली. रोज संध्याकाळी त्याचे बूट काढताना धरते तसा तिने तो पाय धरला, एक हात टाचेखाली, एक गुडघ्याखाली, आणि उचलून बाजूला ठेवला. हळू, कारण झटका बसला तर दुखतं. बुटाची नाडी सुटली होती, ती बांधली. मग फटीतून आत गेली.

मागे जोसी काहीतरी म्हणाला. कुणी हसलं नाही.

*

तीन वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत, कॉल्मची कबर मॅटी फ्लॅनली, जोसी रुआन आणि दोघा गिल्डे भावांनी खणली होती. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.